रेशनची मिळकत आणि सोयऱ्यांची मिळकत

प्रत्येक घराच्या दोन मिळकती असतात. एक रेशनच्या दुकानात सांगायची, एक सोयऱ्यांना सांगायची. रेशनची ऐकली तर वाटतं, या घरात काल चूलच पेटली नसेल. सोयऱ्यांची ऐकली तर वाटतं, हे लोक गादीत कापसाऐवजी नोटा भरतात. अन् खरी मिळकत? ती कोणालाच ठाऊक नसते. घरच्या म्हातारीलाही नाही. वाचणाऱ्यांनो, हसू नका. तुमच्या घरच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर काय आकडा आहे तो आधी आठवा, मग पुढचं वाचा.

फुलसावंगीहून दोन-तीन कोसांवर एक बंजाऱ्यांचा तांडा आहे. घरं साठेक. दिवाळीला आठ दिवस होते. सोयाबीन निघून गेलेलं, कापूस फुटायला लागलेला, तूर माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. त्या दिवशी सकाळी तांड्याचा मुखिया हिरासिंग नायक काठी आपटत घरोघर फिरला.

"यवतमाळहून एक बाई येऊन राह्यली," तो सांगत होता. "मिळकत विचारते. जिच्या घरी येईन तिनं छत्तीस हजार सांगायचं. सालाचे छत्तीस हजार. एक रुपया इकडे नाई, एक रुपया तिकडे नाई."

"तीस सांगितले त?" भागीरथाबाईनं दारातून विचारलं.

"तीस खोटे वाटते."

तीस खोटे वाटतात अन् छत्तीस खरे! असा तांड्याचा न्याय.

पण हसण्यासारखं त्या दिवशी काही नव्हतं. पलीकडच्या तांड्यात म्हणे अशीच एक बाई आली होती, मोबाइलात बोट फिरवून गेली, अन् महिन्याभरात चार घरांचं धान्य बंद झालं. कोणी पाहिलं? कोणीच नाही. दहा वाजेपर्यंत चारची चौदा घरं झाली. भीती अशीच वाढते, तिला खत-पाणी लागत नाही. बाया पाण्याला गेल्या त्या खाली मान घालून, अन् ज्याच्या घरात फ्रिज होता त्यानं त्यावर गोधडी टाकली.

सुखीबाईच्या घरात फ्रिज नव्हता, भीती होती.

तशी सुखीबाई कोणाला भिणारी बाई नाही. साठीच्या पुढची, विधवा, दोन इयत्ता शिकलेली. सही करते, पण सही करताना असं पाहते की समोरच्यानंच घाबरावं. ग्रामसेवकाला तिनं एकदा भर सभेत विचारलं होतं, "नळ कागदावर आला, आता पाणी बी कागदावरच पिऊ काय?" अशी बाई. पण गेल्या वर्षापासून तिच्या पोटात एक गोळा बसला होता, अन् त्या गोळ्याचं नाव राखी.

राखी ही तिची नात. अकरा वर्षांची. राखीचे आई-बाप, म्हणजे जया अन् सुनील, दर साली भाऊबीज झाली की ऊसतोडीला जातात. ट्रक येतो, भांडी-कुंडी चढते, माणसं चढतात, अन् पाच महिने अर्धा तांडा कुलपात राहतो. आधी शाळेतच वसतिगृह होतं, फक्त ऊसतोडीच्या हंगामापुरतं. पोरं तिथं जेवायची, झोपायची, शाळा शिकायची. गेल्या साली ते बंद झालं. काहून झालं ते कोणी सांगितलं नाही. वरून यादी आली, यादीत तांड्याचं नाव नव्हतं. राखी ट्रकात चढली.

तिकडे काय झालं ते सुखीबाईला अर्धंच सांगितलेलं. राखी खेळता खेळता उसाच्या फडात शिरली अन् वाट चुकली. सकाळी हरवली ती दुपार टळल्यावर सापडली. फडात सगळीकडे सारखंच. वर पाहिलं तर पाती, बाजूला पाहिलं तर पाती, अन् हाक मारली की आवाज पानांतच जिरतो. सापडली तेव्हा तिच्या गालांवर, हातांवर पात्यांचे काप होते अन् तोंडातून शब्द निघत नव्हता. तेव्हापासून वाऱ्यानं तूर सळसळली तरी पोरगी दादीचा हात घट्ट धरते. बोलत नाही, रडत नाही, नुसता हात धरते. आता परत ट्रक येणार होता. अंगणात सुनीलनं कोयत्याला धार लावायला घेतली की राखी घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायची.

सुखीबाई तिला ठेवून घेऊ शकत नव्हती काय? शकत होती. पण ती स्वतः अंधार पडेस्तोवर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाई. अकरा वर्षांची पोरगी एकटी कोणाच्या भरवशावर ठेवायची? अन् दुसरंही एक कारण होतं, ते घरात कोणी उच्चारत नव्हतं. ते पुढे येईल.

तर अशा घरी अकराच्या सुमाराला बेबीताई आली. मूळची बाभुळगावची शेतकऱ्याची लेक, पन्नाशीची, पायात झिजलेल्या चपला, खांद्याला पिशवी, हातात पाटीएवढा मोबाइल. सुखीबाईनं बाज टाकली, पाणी दिलं, अन् बाई तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं,

"छत्तीस हजार."

"मी अजून विचारलंच नाई, सुखीबाई."

"विचारणारच होत्या ना? सालाचे छत्तीस हजार. झालं? चहा घ्या अन् जा."

बेबीताई हसली नाही. मोबाइलच्या पाटीवर बोट फिरवलं. "या जिल्ह्यात चिठ्ठ्या टाकून काही गावं काढली, अन् गावांतली काही घरं. तुमच्या तांड्यातली अकरा. दर पाच वर्षांनी त्याच घरी जायचं अन् तेच विचारायचं. दहा वर्षांमागं मीच आली होती. तुम्ही तीस हजार सांगितले होते."

"असन. कोणाले याद हाय!"

"मंग पाच वर्षांमागं एक भाऊ आला होता, माह्या जागी. त्याले तुम्ही चार लाख सांगितले."

सुखीबाईनं न मागता भांडं परत भरून आणलं. 

"तीस हजार, मंग चार लाख, अन् आता छत्तीस हजार," बेबीताई म्हणाली. "पहिल्या पाच वर्षांत अंगणात खजिना निघाला, अन् दुसऱ्या पाच वर्षांत चोरी झाली. चौकीत रपट लिहिली काय?"

आता पाच वर्षांमागचं ऐका. होळी होऊन तांडा ऊसतोडीहून परतला होता. सुखीबाईच्या धाकट्याला, राजकुमारला, दिग्रसकडचे सोयरे पाहायला यायचे होते. तांड्याची रीत अशी की सोयरे आले की सारा तांडा एका तोंडानं बोलतो. पोरगा कोणाचाही असो, त्याची इज्जत सगळ्यांची. नेमका त्याच दिवशी फटफटीवर एक पांढऱ्या शर्टाचा माणूस आला, हातात वही. अन् विचारायला लागला: वावर किती, जनावरं किती, सालाचं काय पडते? सोयरेही हेच विचारतात! सुखीबाईनं त्याला पाटावर बसवलं, वरून तूप सोडून शिरा वाढला अन् चार लाख सांगितले. तो पुढच्या घरी गेला, तिथेही तेच. मुलीकडचा माणूस शेजारीपाजारी चौकशी करतो आहे, असं समजून अकराच्या अकरा घरांनी छाती फुगवली. ज्यांच्या घरी लग्नाची पोरं होती त्यांनी आपलेही हात धुऊन घेतले. खरे सोयरे दिवस बुडताना आले, तेव्हा शिरा संपला होता.

राजकुमारचं लग्न झालं, तो बायकोला घेऊन पुण्याकडे गेला, चूल वेगळी झाली. वहीतले चार लाख मात्र वहीतच राहिले.

"चुकून झालं असन," सुखीबाई पुटपुटली. "त्याच्यानं कोणाचं काय बिघडलं?"

 शाळेच्या बाजूला पत्र्याची एक बंद खोली दिसत होती. तिकडे पाहून बेबीताई म्हणाली, "ते वसतिगृह होतं ना?"

"होतं."

"ते कोणत्या गावाले द्यायचं याची यादी करतानी कागद पाह्यतात, सुखीबाई. कागदावर हा तांडा पाच वर्षांत धनवान झाला. तुमचं एकटं घर नाई, अकराच्या अकरा घरं. एवढ्याच कागदानं नाव कटलं असं मी म्हणत नाई. मले तेवढं मालूम नाई. पण त्या ढिगात हा बी कागद होता."

 सुखीबाईला तो शिरा दिसला. वरून सोडलेलं तूप दिसलं. अन् त्याच्या मागे उसाची पाती, अन् त्यात कुठंतरी आपली राखी.

"म्हणजे माह्या तोंडानं..."  मग एकदम आवाज चढवून ती म्हणाली, "अन् आता खरं सांगितलं त? माहं धान्य तोडसान! महिन्याचा गहू-तांदूळ हाय म्हणून घर उभं हाय. तो गेला त काय तुमची ही पाटी शिजवून खाऊ?"

"हा कागद रेशनवाल्याकडे जात नाई. नाव माह्यापाशी राह्यते, वर नुसता घराचा नंबर जाते. शप्पथ घेऊन सांगते."

"शपथा लय पाह्यल्या. नायकानं सांगितलं छत्तीस, माहे छत्तीस."

बेबीताई उठली. "चार वाजेपर्यंत शाळेच्या वऱ्हांड्यात हाय मी. उद्या झरी जामणीकडे चालली. परत येईन ते पाच वर्षांनी. दहा वर्षांमागं मी एका सालाची लिहिली होती ती राखी तवा सोळाची राहीन."

हे शेवटचं वाक्य तिनं हळूच टाकलं, पण ते सुखीबाईच्या छातीत जाऊन बसलं. सोळाची! अन् तोवर पाच हंगाम. पाच ट्रक.

दुपारी सुखीबाईचं कशात मन लागेना. भाकर करपली. सासूला याडी, म्हणजे आई, म्हणणारी जया म्हणाली, "याडी, बरं नाई काय?" तर तिच्यावर खेकसली, "मले काय धाड भरली! तू तुह्यं पाह्य." शेवटी राखीचा डबा घरीच राहिला आहे असा बहाणा करून ती शाळेकडे निघाली. डबा राखीनं नेलेला होता. हातात रिकामी वाटी होती.

शाळेच्या अंगणात मधली सुट्टी होती. बेबीताईनं अकरा पोरं-पोरी उंचीप्रमाणे ओळीत उभी केली होती. एका टोकाला धावजीचा बुटका, दुसऱ्या टोकाला नायकाचा लांबुडका नातू आयुष. बाजूला नायक स्वतः काठीवर हनुवटी टेकवून उभा. बाई काय करणी करते ते पाहायला आला होता.

"मधात कोण हाय?" बेबीताईनं विचारलं.

"राखी!" पोरं ओरडली. डावीकडे पाच, उजवीकडे पाच, मधात राखी.

"आता आयुष, तू त्या खुर्चीवर उभा राह्य. हां. नायक, आयुष उंच झाला. राखीची उंची वाढली काय?"

"ती कायले वाढीन?" नायक गुरगुरला.

"सगळ्यांची उंची मिळवून अकरांनी भागली असती त वाढली असती. म्हणून आम्ही तसं करत नाई. एकाच्या घरी ट्रॅक्टर आला म्हणून तांडा श्रीमंत होत नाई." नायकाच्या घरी ट्रॅक्टर होता. पोरं खिदळली. "आम्ही घरं अशी ओळीनं लावतो, लहान्यापासून मोठ्यापर्यंत, अन् मधलं घर पाह्यतो. मधल्या घराचं काय चाललं? पाच वर्षांमागं काय होतं, आता काय हाय? सारा जिल्हा असाच मोजतो. अन् मधल्या घराच्या मापानं वर कपडा बेततात. वसतिगृह, दवाखाना, जे काय असन ते."

मग तिनं पोरांना सांगितलं, "आता सगळे खाली बसा. उकिडवे. ही झाली रेशनची मिळकत."

पोरं बसली.

"आता सगळे चवड्यावर उभे राहा, टाचा वर! अजून वर! ही सोयऱ्यांची."

पोरं उभी राहिली, डुलली, एकमेकांवर पडली, हसली. राखी हसली नाही. ती चवड्यांवर उभी होती, दोन्ही हात बाजूला ताणून, पाय थरथरत होते, तरी टाच टेकत नव्हती. कुंपणापलीकडच्या तुरीतून वारा आला. पानं सळसळली. पोरीचं तोंड पांढरं झालं. तिनं हात धरायला इकडे-तिकडे पाहिलं.

सुखीबाईनं वाटी फेकली अन् धावत जाऊन तिला धरलं.

"टेक टाच! टेक, माय! सरळ उभी राह्य." अन् राखीला पोटाशी धरूनच ती बेबीताईला म्हणाली, "चाल माह्या घरी. लिही खरं."

"भोजाई!" नायक ओरडला. सुखीबाई त्याच्या मोठ्या भावाची बायको लागे. "तांड्याचा शब्द मोडून राह्यली तू!"

सुखीबाई राखीचा हात धरून चालतच राहिली. पण खोटं कशाला सांगा, तिला भीती वाटत होती. नायकाच्या शब्दाबाहेर गेलेल्या घरी तांड्यात कोणी लग्नाला येत नाही, मयतीलाही येत नाही. शिवाय तो रेशनचा गहू. रस्ताभर तिला वाटत होतं, परत फिरावं.

घरी सुनील अन् जया होते. दार लोटून घेतलं. बेबीताई एकेक विचारू लागली, अन् पहिल्यांदाच त्या घरात मिळकत खरी, मोठ्यानं, सगळ्यांसमोर बोलली गेली. तीन एकर वावर, खर्च जाऊन एक्केचाळीस हजार. बकऱ्या विकल्या, आठ हजार. सुखीबाईची कापूस वेचाई, चौदा हजार.

"ऊसतोड?"

"अठ्ठ्याहत्तर हजार," सुखीबाई म्हणाली, अन् एवढ्या भीतीतही तिची मान जरा ताठ झाली. "त्याच्या आधीच्या साली सहासष्ट होते. माह्या पोरानं बारा हजार जास्त आणले." होळीला हे तिनं साऱ्या तांड्याला सांगितलं होतं.

"कोयता एकच? म्हणजे नवरा-बायको?"

"एकच. जया अन् सुनील."

"तेच दोघं. फड तोच, मुकादम बी तोच?"

"हो."

"भाव वाढला होता काय?"

"नाई," सुनील खाली पाहून म्हणाला.

"मंग बारा हजार कसे वाढले?"

 जयानं पदर तोंडाला लावला. सुनील कोयत्याच्या मुठीवरचा चिंधीचा गुंडाळा सोडायला लागला, परत बांधायला लागला. सुखीबाई एकदा लेकाकडे पाहे, एकदा सुनेकडे.

कोपऱ्यातून आवाज आला. इतका बारीक की बेबीताईला मान वळवावी लागली.

"मी मोळ्या बांधत होती ना."

राखी भिंतीकडे तोंड करून नव्हती बसली. सगळ्यांकडे पाहत होती.

"सकाळी चार वाजता उठून. बाबा ऊस तोडे, याडी पाती साळून काढे, मी बांधो. त्या दिवशी बी मी खेळत नव्हती, दादी. मी वाढे, उसाचे शेंडे, जमा कराले आत गेलती. मंग वाट दिसली नाई."

अरे देवा! अठ्ठ्याहत्तरमधले बारा हजार या पोरीच्या हातचे होते! अन् त्याच बारा हजारांचा सुखीबाईनं होळीला डंका पिटला होता! रेशनच्या मिळकतीत ती पोरगी नव्हती. सोयऱ्यांच्या मिळकतीतही नव्हती. दोन्ही खोट्या आकड्यांच्या आड एवढीशी पोर अंधारात मोळ्या बांधत होती, अन् आजी तांड्यात मिरवत होती.

"तू मले सांगितलं काहून नाई, जया?" सुखीबाईनं विचारलं.

"कसं सांगू, याडी? तुम्ही लय खुश होत्या."

  सुखीबाई बेबीताईकडे वळली.

"लिही. एक लाख एक्केचाळीस हजार. अन् लिहायची जागा असन त हे बी लिही, की त्यातले बारा हजार पोट्टीच्या हातचे हायेत."

"जागा हाय," बेबीताई म्हणाली, अन् डोळे पुसून लिहिलं.

दारावर काठी वाजली. नायक आला होता, मागे दहा-बारा माणसं अन् तेवढ्याच बाया. जया भीतीनं भिंतीला टेकली. सुनील उठला, त्याला मागे सारून सुखीबाईनं दार उघडलं.

"किती सांगितले?" नायकानं विचारलं.

"खरे."

"कोणाचं कार्ड तुटलं त जिम्मेदार कोण?"

"मी! जाय, चावडीवर लिहून लाव. पण हिरासिंग, माह्या बी एका गोष्टीचा जवाब दे. पाच वर्षांमागं आपण साऱ्यांनी त्या फटफटीवाल्याले शिरा चारला. तुह्या घरी बी त्यानं जिलबी खाल्ली. त्या दिवशी वसतिगृहाले कुलूप कोणी लावलं? सरकारनं? तू लावलं, मी लावलं! अन् गेल्या सालापासून पोट्टे ट्रकात चढून राह्यले. तुहा आयुष चढत नाई, तुह्या घरी ट्रॅक्टर हाय. या भागीरथाची वैष्णवी चढते. धावजीचा बुटका चढते. भीतीनं आपण खाली बसतो, इज्जतीसाठी चवड्यावर उभं राह्यतो. अन् दुखते कोणाचे पाय? पोट्ट्यायचे!"

 भागीरथा पदरानं नाक पुसत पुढे आली अन् म्हणाली, "बाई, माह्या घरी कधी येता?"

मग दुसरी आली, मग तिसरी. पाच वाजत आले तरी बेबीताईची पिशवी खांद्यावरून उतरली नाही. दहा घरं झाली. अकराव्या घरी नायक स्वतः तिला घेऊन गेला, पिशवी आपल्या हातात घेऊन. तिथं काय लिहिलं ते बेबीताईनं सांगितलं नाही, अन् सुखीबाईनं विचारलं नाही. तिनं कोणाचं काही विचारलं नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

पण भीती एका दिवसात जात नाही. दिवाळीला दोन दिवस असताना रेशनचं धान्य आलं. सुखीबाई ओळीत उभी राहिली. तिच्या मागे सारा तांडा, अन् साऱ्यांचे डोळे तिच्या अंगठ्यावर. तिनं यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र गप्प. परत ठेवला. लाल दिवा! मागून कोणीतरी श्वास ओढला. कोणीतरी म्हणालंही, "कटलं." सुखीबाईच्या कानात नुसता उसाच्या पात्यांचा आवाज. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मावशी, अंगठा पुसा. कापसाच्या बोंडांनी रेघा गेल्या तुमच्या." तिनं पदराला अंगठा घासला, तिसऱ्यांदा ठेवला. यंत्र वाजलं, चिठ्ठी निघाली. पूर्ण धान्य! पोतं उचलताना ती मागे वळून एवढंच म्हणाली, "बंद करा तोंडं, माशा जातीन."

भाऊबीज झाली, ट्रक आला. बेबीताईचे कागद वर पोहोचायला, यादी व्हायला अजून साल लागेल, वसतिगृह उघडेल की नाही कोणी लिहून दिलेलं नाही. तोवर काय करायचं? सुखीबाईनं तेही ठरवलं होतं. या हंगामात ती कापूस वेचायला जाणार नव्हती. तिचे चौदा हजार जाणार, राखीचे बारा जाणार. ते तिनं सुनीलला मोजून दाखवलं अन् सांगितलं, "कमी खाऊ." वैष्णवी, धावजीचा बुटका अन् आणखी पाच पोरं तिच्याच घरी झोपणार होती. ज्यांची घरं उघडी राहणार होती त्यांनी पाळीपाळीनं पीठ-मीठ द्यायचं ठरवलं. पहिलं पोतं नायकाच्या ट्रॅक्टरवरून आलं. कोणाच्या घरी खरंच किती आहे ते एकदा बोललं गेलं, की मग कोणाकडे मागायचं अन् कोणाला द्यायचं हेही कळतं.

ट्रकापाशी जया रडली. सुनीलनं आईच्या पायाला हात लावला. ती म्हणाली, "या साली सहासष्टच येऊ दे. अठ्ठ्याहत्तर आणले त घरात घेणार नाई."

भावांनो, बायांनो, आता तुम्हाला सांगणं. तुमच्याही दारी असं कोणी वही घेऊन येईल. भीती वाटेल, वाटू द्या. पण आपल्या घराची मिळकत खरी सांगा, आधी घरातल्या घरात एकमेकांना अन् मग त्या वहीवाल्याला. ती लपवली की आपल्याच गरिबाचं नाव लपतं, फुगवली की त्याच्याच ताटातलं जातं. अन् सांगण्याआधी एवढं नक्की पाहा, की त्या आकड्यात एखाद्या लेकराचे हात तर नाहीत.

ट्रक वळणाआड गेला. वारा आला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची तूर सळसळली. राखीनं दादीचा हात घट्ट धरला. मग हळूहळू पकड सैल झाली. पोरगी रस्त्याच्या मधोमध उभी होती, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून, होती तेवढीच उंच.